खायला काळ आणि भुईला भार



दुसऱ्याच्या अन्नावर जगणाऱ्या माणसाला नावे ठेवण्यासाठी आपल्या मराठीत शब्दांची वानवा नाही. ऐतखाऊ, आयतोबा, फुकट्या, बांडगूळ. आणि एवढ्यानेही समाधान झाले नाही तर ‘खायला काळ आणि भुईला भार’ ही म्हण आहेच. शिकलेल्या मंडळींनी त्यांत ‘परोपजीवी’ या शास्त्रीय शब्दाची भर घातली आहे. शिवीला शास्त्रीय शब्दाचा अंगरखा घातला की ती शिवी वाटत नाही, प्रयोगशाळेतून आलेला निकाल वाटते. म्हणून आम्हांस वाटले की, या शब्दाचे मूळ धनी असलेले जीव प्रत्यक्षात कसे जगतात ते एकदा नीट पाहावे, आणि मगच हा निकाल माणसांना लावण्याचा आपणांस किती अधिकार आहे याचा विचार करावा. आम्ही पदविका घेतली ती धर्मशास्त्राची, जीवशास्त्राची नव्हे. तथापि या विषयावर जे वाचावयास मिळाले ते इतके नवलाचे आहे की, वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही.

प्रथम शब्दच घेऊ. इंग्रजी ‘पॅरासाइट’ हा ग्रीक ‘पारासितोस’वरून आला. ‘पारा’ म्हणजे शेजारी, ‘सितोस’ म्हणजे धान्य किंवा अन्न. शेजारी बसून जेवणारा, एवढाच त्याचा अर्थ. प्राचीन अथेन्समध्ये देवस्थानच्या कामाशी संबंध असलेल्या आणि याजकांच्या पंक्तीस बसणाऱ्या मानकऱ्यांना हे नाव होते. पुढे तेथील विनोदी नाटकांत श्रीमंताच्या पंक्तीला चिकटून त्याची खुशामत करणारे पात्र याच नावाने रंगभूमीवर आले, आणि शब्दाची अब्रू गेली ती गेलीच. सन १८७८ मध्ये अंतोन द बारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘सिम्बायोसिस’, म्हणजे सहजीवन, ही कल्पना मांडली. आज आपण सहजीवन म्हटले की परस्परांच्या हिताचे नाते समजतो. द बारीने तसे समजले नव्हते. भिन्न जातींच्या जीवांनी एकत्र राहणे, मग त्यात कोणाचा लाभ होवो की हानी, हे सारे त्याने त्या एका शब्दात घेतले. परोपजीवन हा त्याच्या दृष्टीने सहजीवनाचाच एक प्रकार. त्याने हे उगीच केले नसावे. कोण कोणावर जगतो हे ठरवणे बाहेरून दिसते तितके सोपे नाही.

आता प्रत्यक्ष जीवाकडे वळू. किड्याच्या पोटातही त्याहून लहान जीवांची वस्ती असते, हे हैदराबादकडील वाचकांना तरी सांगावयास नको. सन १८९७ मध्ये सिकंदराबादेसच रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा जंतू पाहिला. किड्यांच्या पोटी राहणाऱ्या एकपेशीय जीवांचे दुसरे एक मोठे घराणे आहे, त्याला ट्रिपॅनोसोमॅटिड म्हणतात. घराणे बदनाम आहे. सन १९०३ मध्ये विल्यम लीशमन आणि मद्रासचे चार्ल्स डोनोव्हन यांनी ज्याचे वर्णन केले तो काळा आजाराचा जंतू याच घराण्यातला, आणि आफ्रिकेतील निद्रारोगाचा जंतूही याच घराण्यातला. परंतु या घराण्यातल्या कित्येक जाती माणसाच्या वाटेला कधी जात नाहीत. त्यांचा सारा जन्म माशी, डास किंवा ढेकणाच्या वर्गातला एखादा किडा यांच्या आतड्यात जातो. देह एकाच पेशीचा, लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास, पुढे चाबकाच्या दोरीसारखा एक तंतू. किड्याने शोधावे, किड्याने खावे, किड्याने पचवावे, आणि याने आतड्याच्या भिंतीला चिकटून आयते घ्यावे. आपल्या म्हणीतला ‘खायला काळ’ तो हाच, असे कोणीही म्हणेल.

या घराण्याची एक मोठी उणीव आहे. सन १९३० नंतरच्या काही वर्षांत फ्रान्समध्ये आंद्रे ल्वॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, हे जीव प्रयोगशाळेत वाढवावयाचे तर त्यांच्या खाद्यात हीम घालावे लागते. हीम म्हणजे लोह धरून ठेवणारे ते द्रव्य, ज्याच्यामुळे आपले रक्त लाल दिसते. पेशीच्या श्वसनालाही ते लागते. आपण ते स्वतःच्या शरीरात बनवतो. या घराण्याने ती विद्या गमावली आहे, त्यामुळे हीम बाहेरून मिळाले तरच जगणे.

परंतु काही थोड्या जाती या नियमात बसेनात. अमेरिकेत रुईच्या कुळातल्या झाडांवर राहणारा तांबडा-काळा किडा आहे; त्याच्या पोटातली एक जात, डासातली एक जात, आणि सन १९७३ मध्ये ब्राझीलमधील एका शिकारी किड्यात सापडल्याचे वर्णन झालेली आणखी एक जात, या सगळ्या हीम नसलेल्या साध्या खाद्यावर खुशाल वाढत. त्यांच्या पेशीत सूक्ष्मदर्शकाखाली एक गडद दाण्यासारखी वस्तू दिसे. ती काय असावी यावर बराच खल झाला. शेवटी कळले की तो जीवाणू आहे. किड्याच्या पोटात हा पाहुणा, आणि पाहुण्याच्या पोटात आणखी एक पाहुणा! मग शास्त्रज्ञांनी क्लोरॅम्फेनिकॉल वापरले. विषमज्वरावरचे हे औषध वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल. ते जीवाणूला मारते, पण त्याला पोटात बाळगणाऱ्या पेशीला बेताने दिले तर ती वाचते. सन १९७४ मध्ये के. पी. चँग आणि विल्यम ट्रेगर यांनी ‘सायन्स’ या साप्ताहिकात प्रसिद्ध केले की, या जातींना हीम आणि इतर पोषक द्रव्ये पुरवतो तो त्यांच्या आतला जीवाणूच. पुढे ब्राझीलमधील संशोधकांनी दोघांच्याही जनुकांचा अभ्यास केला तेव्हा चित्र अधिक स्पष्ट झाले. आवश्यक अमिनो आम्ले, कित्येक जीवनसत्त्वे, हीम, यांच्या निर्मितीचा मोठा भाग जीवाणूकडे आहे. काही द्रव्ये तर अशी आहेत की त्यांच्या कृतीतल्या काही पायऱ्या एकाच्या घरात होतात आणि उरलेल्या दुसऱ्याच्या. ब्राझीलच्या त्या जातीला आज अँगोमोनास डीनाय म्हणतात आणि डासातल्या जातीला स्ट्रिगोमोनास क्युलिसिस.

या प्रयोगांतली एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. जीवाणू काढून घेतलेली अँगोमोनासची पेशी मरत नाही. बाटलीत भरपूर पौष्टिक खाद्य असेल तर ती पोहते, वाढते, दुभंगते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की, आतला तो दाणा काही कामाचा नव्हताच, गेला ते बरे झाले. परंतु तीच पेशी साध्या खाद्यात टाका, तिची वाढ थांबते. तिला किड्याच्या पोटात सोडा, तिचे बाह्य आवरण बदललेले असल्यामुळे आतड्याच्या भिंतीला ती पूर्वीसारखी चिकटू शकत नाही आणि तेथे तिचा जम बसत नाही. संशोधक तिच्या खाद्यात रोज जे ओतत होते, तेच पूर्वी कोणीतरी आतून पुरवत होते. बाटली भरलेली आहे तोवर हे ध्यानात येत नाही, एवढेच.

आमच्या मंडळ्यांत, बेळगावपासून ग्वाल्हेरपर्यंत कोठेही जा, ‘मी कोणाचे काही घेतले नाही, स्वतःच्या पायावर उभा राहिलो’ असे अभिमानाने सांगणारे सद्गृहस्थ भेटतात. सहसा ते निवृत्तीच्या जवळ आलेले असतात, घर स्वतःचे असते, मुले मार्गी लागलेली असतात. त्यांच्याशी थोडा वेळ बोलत बसले की एकेक गोष्ट बाहेर येते. मॅट्रिक झाल्यावर काकांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये चार वर्षे राहून शिकले. काकूने डबा दिला. पाठच्या बहिणीची शाळा सुटली, कारण एकाचीच फी भरणे शक्य होते. हे सांगताना ते लबाडी करत नसतात. त्यांना ते खरोखरच आपल्या कर्तृत्वाच्या हिशेबात धरण्याजोगे वाटत नाही. काकूचा डबा संपून तीस वर्षे झाली, आता पगार आहे, निवृत्तिवेतन येणार आहे, बाटली भरलेली आहे. अशाच एखाद्या गृहस्थाच्या तोंडी ‘परोपजीवी’ हा शब्द सर्वांत अधिक शोभतो असे त्यांना वाटते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

येथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. परंतु जीवाणूची बाजू राहिली, आणि ती तितकीशी गोड नाही. स्वतंत्रपणे राहणाऱ्या, आपल्या आतड्यातल्या एखाद्या साध्या जीवाणूच्या जनुकद्रव्यात सुमारे ४६ लाख अक्षरे असतात असे म्हणू. अँगोमोनासच्या आतल्या या जीवाणूत ती सुमारे ८ लाखच उरली आहेत. बाहेर जगण्यासाठी लागणारी बहुतेक सामग्री त्याने टाकून दिली आहे, किंवा त्याच्याकडून ती गळून पडली आहे. त्याची भिंतही पातळ झाली आहे. तो आता बाहेर राहू शकत नाही. दर पेशीत तो एकच असतो. पेशी दुभंगण्याच्या वेळी प्रथम जीवाणू दुभंगतो, मग पेशीचे केंद्रक, आणि प्रत्येक लेकीच्या वाट्याला नेमका एक येतो. सन २०२३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले की, जीवाणू जेथे दुभंगतो तेथे त्याच्याभोवती एक कडे तयार होते, आणि त्या कड्यातले एक प्रथिन जीवाणूचे नसून यजमान पेशीचे असते. म्हणजे वंश केव्हा वाढवावा यातही घरधन्याचा हात आहे. एक्वादोरच्या एस्मेराल्दास प्रांतातल्या किड्यात अशीच एक निराळी जोडी सापडली आणि सन २०१६ मध्ये तिचे वर्णन झाले. ते नाते नवे दिसते. तेथे जीवाणूंची संख्या पेशीगणिक कमीजास्त असते, आणि अधिक झालेले जीवाणू पेशी चक्क पचवून टाकते असे दिसून आले.

आता या जीवाणूला काय म्हणावे? पाहुणा म्हणावे तर त्याला परत जाण्याची वाट नाही. चाकर म्हणावे तर पगार कोणता? कैदी म्हणावे तर, सुटण्याची इच्छा ज्याला नाही त्याला कैदी कसे म्हणणार? आणि इतकी काळजीपूर्वक जपणूक कोणत्या कैद्याची होते? आमच्या मते यांपैकी एकही शब्द तेथे चालत नाही, कारण हे सारे शब्द मन असलेल्या प्राण्यांसाठी घडलेले आहेत. ‘पाहा, क्षुद्र जंतूसुद्धा किती प्रेमाने एकत्र नांदतात’ असे दाखले काही उपदेशांत ऐकू येतात. ऐकावयास बरे वाटतात, खरे नाहीत.

अगदी उलट दिशेचा उपदेशही होऊन गेला आहे. हेन्री ड्रमंड या स्कॉटिश लेखकाने सन १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि त्या काळी प्रचंड खपलेल्या ‘नॅचरल लॉ इन द स्पिरिच्युअल वर्ल्ड’ या ग्रंथात परोपजीवनावर दोन प्रकरणे आहेत. एकात शंखात घर करणाऱ्या खेकड्याची गोष्ट आहे, दुसऱ्यात खेकड्यावर जगताजगता अवयव गमावून बसलेल्या सॅक्युलिना या जीवाची. जो कष्ट टाळतो त्याची शक्ती निसर्ग काढून घेतो, आणि आत्म्याचेही तसेच आहे, असा त्यांचा रोख. ड्रमंड हे मोठ्या मनाचे लेखक होते, आणि आळसावर त्यांनी ओढलेला आसूड काही अंशी योग्यच आहे. पण त्यांच्या दाखल्यातून निघणारा न्याय आम्हांस मान्य होत नाही. सन १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी एक विचार मांडला, आणि आज तो सर्वत्र मान्य आहे: आपल्या पेशींत शक्ती निर्माण करणारे जे मायटोकॉण्ड्रिया नावाचे कण असतात, ते फार प्राचीन काळी स्वतंत्र जीवाणू होते. तेही बाहेर जगण्याची कला गमावून बसले आहेत, आणि त्यांच्याविना आपण क्षणभर जगू शकत नाही. ज्या हाताने ड्रमंडसाहेबांनी परावलंबनाचा निषेध लिहिला, त्या हाताचा प्रत्येक स्नायू असल्या अंकितांच्या बळावर चालत होता. ज्याने कधीच कोणावर भार टाकला नाही असा जीव शोधू गेल्यास तो आपल्या आसपास तरी सापडणार नाही.

तरीही, निसर्गात सारे एकमेकांवर अवलंबून आहेत म्हणून माणसानेही खुशाल बसून खावे, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. धडधाकट तरुण दिवसभर कट्ट्यावर बसतो, आईने भांडी घासून आणलेल्या पैशांतून विडी-तंबाखू मागतो, त्याला दोष लागतोच. पण तो दोष दुसऱ्याचे अन्न खाण्यात नाही. आईचा घाम दिसत असून तो न पाहण्यात आहे. अँगोमोनासला डोळे नाहीत, म्हणून त्याला ना दोष ना पुण्य. परोपजीवी हा शब्द त्या तरुणालाही लागू पडत नाही. त्याच्यासाठी जुने मराठी शब्द पुरेसे आहेत.

आता ज्या प्रसंगामुळे हा सारा विचार आमच्या मनात घोळू लागला तो सांगतो. एका ओळखीच्या घरी संध्याकाळी बसलो होतो. घरात यजमानांच्या सत्तरी ओलांडलेल्या विधवा आत्या राहतात. खर्चाचे बोलणे निघाले आणि यजमान बोलता बोलता म्हणाले, “काय करणार, एक परोपजीवी घरातच आहे.” थट्टेच्या सुरात म्हणाले, पण आत्या पलीकडच्या खोलीत होत्या. त्यांच्या पत्नीला ते सहन झाले नाही. “अहो, असं काय बोलता? आत्याबाई नसत्या तर मी शाळेत नोकरी करू शकले असते का? दोन्ही मुलं त्यांच्याच मांडीवर वाढली. आया ठेवली असती तर किती पैसे गेले असते त्याचा हिशोब करा.” यजमान ओशाळले. पत्नीचे बोलणे अक्षरशः खरे होते. क्लोरॅम्फेनिकॉलच्या प्रयोगातून निघते तेच त्यांनी घरगुती भाषेत सांगितले होते.

तेवढ्यात आत्या दारात आल्या. रागावलेल्या नव्हत्या. सुनेला म्हणाल्या, “सूनबाई, तू माझी बाजू घेतलीस, बरं वाटलं गं. पण पोरं आता मोठी झाली. पुढल्या वर्षी धाकटा पण कॉलेजात जाईल. मग माझा हिशोब कशात मांडशील?”

आत्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले. सगळ्या युक्तिवादात जेथे भोक होते तेथे त्यांनी नेमके बोट ठेवले. आपण वृद्धांची, अपंगांची, घरी बसलेल्या बायकांची बाजू घेतो ती बहुधा सुनेसारखीच. त्यांचे न दिसणारे श्रम मोजून दाखवतो, बाहेर किती पैसे पडले असते ते सांगतो. ते श्रम खरे आहेत आणि ते दाखवलेच पाहिजेत; ‘मी स्वतःच्या पायावर उभा राहिलो’ म्हणणाऱ्यापुढे तर अवश्य दाखवावेत, त्याच्या भरलेल्या बाटलीत कोणी काय ओतले ते त्याला कळले पाहिजे. परंतु आत्यांचा घरातला हक्क जर त्या मोजणीवर उभा केला, तर मोजणी संपते त्या दिवशी हक्कही संपतो. यजमानांचे म्हणणे होते की आत्या कामाच्या नाहीत. सूनबाई म्हणाल्या, कामाच्या आहेत. मापाच्या बाबतीत दोघांचे एकमत होते.

या जीवांच्या घरात दुसरे माप नाहीच. जी जोडी एकमेकांस पुरवते तिचा वंश टिकतो, जी पुरवत नाही तिचा टिकत नाही, अधिक झालेले पचवले जातात. तेथे हे क्रौर्य नाही, केवळ घडणे आहे. म्हणूनच सहजीवनाचा दाखला आपण माणसाच्या घराला कितीही कौतुकाने लावला, तरी तो एका मर्यादेपर्यंतच पुरतो. ज्याने आजवर कोणाचे काही केले नाही आणि पुढेही करू शकणार नाही, असे जन्मापासून अंथरुणावर असलेले मूल कोणत्या मंडळीत नाही? त्याला भरवणाऱ्या आईला जाऊन कोणी त्याचा उपयोग विचारत नाही. विचारला तर ती उत्तर देणार नाही. आणि तिच्यापाशी उत्तर नाही असेही आपण समजत नाही.

आत्यांच्या प्रश्नावर त्या संध्याकाळी कोणीच काही बोलले नाही. सूनबाईंनी त्यांना हात धरून आत आणले आणि आपल्या शेजारी बसवले. यजमानांनी पंखा थोडा त्यांच्या बाजूला वळवला.